प्रकल्प नोंदी : होस्टिंग खात्यातला साठा आणि बॅकअपची नवी घडी

१२ मे २०२५

होस्टिंग कंपनीकडून सूचना आली. मजकूर थोडक्यात असा: खात्यातल्या फायलींची संख्या मर्यादेबाहेर गेली आहे. संकेतस्थळाशी संबंध नसलेल्या आर्काइव्ह फायली (झिपसारखे, अनेक फायलींचे बांधलेले गठ्ठे) आणि बॅकअप खात्यात साठवलेले आढळले आहेत. सात दिवसांत हलवा, नाहीतर खात्यावर निर्बंध येतील.

खातं आमच्याकडे नुकतंच सोपवलं गेलंय. एका नियतकालिकाचं संकेतस्थळ आहे. चालू मजकूर वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवणाऱ्या प्रणालीवर, जुने अंक पीडीएफ रूपात, वर्गणीदारांचा डेटाबेस, आणि सगळ्यांची ईमेलही त्याच खात्यावर. संपादकांचा पहिला प्रश्न अपेक्षितच होता: "अहो, आपण अनलिमिटेड प्लॅन घेतलाय ना? मग जागा संपली कशी?"

जागा संपलेलीच नाही, अडचण वेगळी आहे. संध्याकाळी सेवाशर्ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढल्या. 'अमर्याद' हा शब्द जाहिरातीत ठळक आहे. शर्तींमध्ये तो एका अटीला बांधलेला आहे: जागा संकेतस्थळ चालवायला लागणाऱ्या फायलींसाठी आहे आणि त्या फायली पानांना जोडलेल्या असाव्यात. फायलींचं कोठार, वैयक्तिक फोटोंचा संग्रह, दुसऱ्या यंत्राचा बॅकअप, डाउनलोडसाठी ठेवलेल्या आर्काइव्ह, हे सगळं वर्ज्य. स्वतःच्याच संकेतस्थळाचे बॅकअप थोड्या दिवसांपुरते चालतील, पण ते उतरवून घ्यायचे आणि सर्व्हरवरून काढून टाकायचे. शेअर्ड होस्टिंग विकणाऱ्या बहुतेक कंपन्यांच्या शर्ती याच धाटणीच्या असतात. आकडे तेवढे बदलतात.

माझं मत लिहून ठेवतो. हे नियम कंजूषपणाचे नाहीत. एका सर्व्हरवर शेकडो खाती असतात आणि कुणीच जागा पूर्ण वापरणार नाही या हिशेबावर हा धंदा चालतो. लबाडी असलीच तर ती 'अमर्याद' या शब्दात आहे. आम्हाला थेट आकडा सांगितला असता तर मागच्या मंडळींनी तो पाळलाही असता.

१३ मे

फायलींच्या संख्येची मर्यादा म्हणजे आयनोडची मर्यादा. लिनक्सच्या फाइल सिस्टीममध्ये प्रत्येक फाइलीला आणि प्रत्येक फोल्डरला एक आयनोड लागतो. त्यात मालक, परवानग्या, आकार, तारखा आणि मजकूर डिस्कवर कुठे आहे याचे पत्ते असतात. नाव त्यात नसतं, ते फोल्डरमध्ये असतं. एक्स्ट४ या लिनक्सवरच्या नेहमीच्या फाइल सिस्टीममध्ये आयनोडची संख्या डिस्क तयार करतानाच ठरते. काही वेगळं सांगितलं नाही तर साधारण दर १६ केबी जागेमागे एक. ग्रंथालयात कपाटं रिकामी आहेत, पण दाखल नोंदवहीच्या ओळी संपल्या, तसा प्रकार. डिस्कवर शेकडो जीबी मोकळे असूनही 'जागा शिल्लक नाही' ही चूक येऊ शकते. जागेचा आणि आयनोडचा हिशेब वेगवेगळा बघावा लागतो तो यामुळेच.

आमच्या प्लॅनला मर्यादा अडीच लाखांची. फोल्डरवार मोजणी लावली आणि एकेक घर उघडत गेलो.

सगळ्यात मोठा वाटा ईमेलचा निघाला. मेलडिर या ईमेल साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येक पत्र ही एक स्वतंत्र फाइल असते. कचरापेटीतली पत्रंसुद्धा फायलीच. दोन खात्यांत वर्षानुवर्षांची जाहिरातपत्रं पडून आहेत आणि एक खातं कुणी उघडतच नाही.

दुसरा वाटा चित्रांचा. वर्डप्रेसमध्ये एक फोटो चढवला की त्याच्या छोट्या-मोठ्या प्रती आपोआप तयार होतात: १५०, ३००, ७६८, १०२४, १५३६ आणि २०४८ पिक्सेलच्या. मूळ फोटो २५६० पिक्सेलपेक्षा मोठा असेल तर एक आटोपशीर प्रत आणखी. थीम आपली मापं जोडते ती निराळीच. म्हणजे संपादकांच्या लेखी एक फोटो, सर्व्हरच्या लेखी आठ-दहा फायली. यातली काही मापं आमच्या पानांवर कुठेच वापरलेली नाहीत.

तिसरं घर पाहून हसू आलं. कुणीतरी थीम सर्व्हरवरच बांधली होती आणि नोड मॉड्यूल्सचं (बांधतानाच लागणाऱ्या जावास्क्रिप्ट फायलींचं) अख्खं फोल्डर तसंच राहिलंय. हजारो चिमुकल्या फायली, ज्यांच्याकडे संकेतस्थळ ढुंकूनही बघत नाही. शेजारी 'जुनी साइट', 'जुनी साइट २' आणि 'फायनल' नावाची तीन पूर्ण संकेतस्थळं. प्रत्येकात तेच फोटो, त्याच प्रती. कॅशचा कचरा वेगळा.

१४ मे

आज आर्काइव्ह फायली. खात्यात जागा खरी खाल्लीय ती यांनी.

होम फोल्डरमध्ये पॅनलने (खातं चालवण्याच्या नियंत्रण पडद्याने) बनवलेले पूर्ण बॅकअप, तारखेसह नाव, एकही काढलेला नाही. वर्डप्रेसच्या आत दोन वेगवेगळी बॅकअप प्लगिनं (वर्डप्रेसला जोडायचे छोटे प्रोग्राम), बहुधा वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या माणसांनी लावलेली. पब्लिक फोल्डरमध्ये हाताने केलेल्या झिप आणि एक एसक्यूएल फाइल, म्हणजे डेटाबेसची प्रत.

त्या दोन प्लगिनांनी जे केलंय ते सविस्तर नोंदवण्यासारखं आहे. चांगलं प्लगिन आपलं स्वतःचं बॅकअप फोल्डर वगळून प्रत काढतं. पण दुसऱ्या प्लगिनचं फोल्डर त्याला ओळखता येत नाही. त्याच्या दृष्टीने ते कंटेंट फोल्डरमधलं एक साधं फोल्डर. त्यामुळे पहिल्याने दुसऱ्याच्या झिप आपल्या झिपमध्ये घेतल्या. पुढच्या खेपेला दुसऱ्याने पहिल्याची ती झिप, पोटातल्या झिपांसकट, आपल्यात घेतली. झिप आधीच दाबलेली असते, पुन्हा दाबून आकार घटत नाही. यादी तारखेप्रमाणे लावली तर आकार असे दिसतात: १.१ जीबी, २.३ जीबी, ४.७ जीबी, ९.६ जीबी. त्यानंतर एक अर्धवट फाइल आहे, कारण पीएचपीला (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) मिळणारा वेळ संपला आणि प्लगिन मध्येच मेलं. तिथून पुढच्या सगळ्या अर्धवटच आहेत. प्लगिनच्या पडद्यावर मात्र 'शेवटचा बॅकअप' म्हणून तारीख झळकते.

आता मुद्द्याची गोष्ट. शर्तींमध्ये बॅकअपच्या कलमाखाली एक वाक्य आहे: कंपनीचे स्वतःचे बॅकअप ही सौजन्य म्हणून दिलेली सोय आहे, त्यांची हमी नाही, आणि एक लाखाहून जास्त फायली असलेली खाती त्या बॅकअपमधून वगळली जातात. पॅनलमध्ये जाऊन पाहिलं. परत आणता येईल अशी शेवटची प्रत गेल्या सप्टेंबरातली आहे. त्यानंतर काही नाही. कुणाला पत्र नाही, पडद्यावर लाल पट्टी नाही.

म्हणजे खात्यात बॅकअप रचून ठेवल्यामुळे आणि बाकीच्या पसाऱ्यामुळे कंपनीने बॅकअप घेणं सोडलं. आणि जे रचून ठेवलेत ते अर्धवट आहेत. आठ महिने हे संकेतस्थळ एकाच डिस्कच्या भरवशावर चाललंय.

या मर्यादेमागचं कारणही समजून घेतलं. कंपनीचा बॅकअप रोज प्रत्येक खात्यातली प्रत्येक फाइल तपासत जातो: बदलली का, नवी आहे का. एक जीबीची एक फाइल झटकन वाचून होते. त्याच एक जीबीच्या लाखभर फायली असतील तर प्रत्येकीचा आयनोड उघडून बघावा लागतो आणि रात्रीची मुदत संपते. अशा एका खात्यापायी शेजारच्यांचे बॅकअप रखडतात. कलम रास्त आहे. वगळलं तर निदान एक ओळ कळवावी, एवढीच तक्रार.

१५ मे

पब्लिक फोल्डरमधल्या झिपांचा धोका जागेपेक्षा मोठा आहे. पब्लिक फोल्डरमध्ये आहे म्हणजे पत्ता माहीत असलेल्या कुणालाही उतरवता येते. आणि पत्ता ओळखायला फारशी अक्कल लागत नाही. ॲक्सेस लॉगमध्ये (सर्व्हरकडे आलेल्या मागण्यांच्या नोंदीत) शोधलं तर बॉटांनी, म्हणजे आपोआप फिरणाऱ्या प्रोग्रामांनी, बॅकअप.झिप, साइट.झिप, डेटाबेस.एसक्यूएल, डंप.एसक्यूएल, डोमेनच्या नावाची झिप अशी रांगेने विचारणा केलेली दिसते. दिवसातून कितीतरी वेळा, जगभरच्या पत्त्यांवरून. बहुतेकांना ४०४, म्हणजे 'फाइल सापडली नाही', असं उत्तर गेलंय.

त्याहून वाईट म्हणजे कॉन्फिग फाइलीची 'बीएके' शेपटीची प्रत. मूळ फाइल पीएचपी असल्याने सर्व्हर ती चालवतो आणि बाहेर काही दिसत नाही. शेपटी बदलली की सर्व्हरच्या लेखी ती साधी मजकुराची फाइल. मागणाऱ्याला जशीच्या तशी, डेटाबेसच्या पासवर्डासकट, दाखवतो. ब्राउझरमध्ये पत्ता टाकला, आणि पासवर्ड समोर.

लॉगमध्ये २०० (फाइल दिली) आणि २०६ अशी दोन्ही उत्तरं तपासली (मोठी फाइल तुकड्यांनी उतरवली तर २०६ येतं, ते नजरेतून सुटतं). हाती असलेल्या लॉगमध्ये तरी कुणी नेल्याचं दिसत नाही. पण लॉग महिनाभराचेच राहतात, त्याआधीचे आपोआप पुसले गेलेत. त्यामुळे ठरवलं की गेलंच असं धरून चालायचं. डेटाबेसचा पासवर्ड बदलला, वर्डप्रेसच्या सॉल्ट किल्ल्या (लॉगिन ज्यांवर टिकतात ती गुप्त अक्षरं) बदलल्या (सगळे लॉगिन आपोआप बाहेर पडले, दोन संपादकांचे फोन आले), मेल पाठवण्याचा पासवर्ड बदलला, व्यवस्थापकांचे पासवर्ड नव्याने करायला लावले. त्या सगळ्या फायली पब्लिक फोल्डरच्या बाहेर हलवल्या. वर्गणीदारांना काय आणि कसं कळवायचं हे संपादकांशी बोलून ठरेल.

१६ मे

मुदतवाढ मागितली. मदत केंद्राला सरळ लिहिलं की अगोदर प्रत बाहेर काढू, ती तपासू, मग पुसू. त्याआधी काही पुसणार नाही. उत्तर सौजन्याचं होतं: "आपण काम सुरू केल्याची नोंद घेतली आहे. महिनाअखेरपर्यंत निर्बंध लावले जाणार नाहीत." नियम मोडल्याची सूचना आली की लोक पहिल्या तासात घाबरून पुसायला बसतात. विचारलं तर वेळ मिळतो.

१९ मे

प्रत बाहेर काढणं. एफटीपीने लाखो छोट्या फायली उतरवायला घेतल्या तर प्रत्येक फाइलीमागे वेगळी बोलणी होतात आणि मजकुरापेक्षा त्यांतच वेळ जातो. पॅनलवरून पूर्ण बॅकअप काढला तर तो याच खात्यात पडणार, म्हणजे ज्याच्यासाठी सूचना आली तेच पुन्हा. म्हणून एसएसएच या सुरक्षित जोडणीतून टारचा (सगळ्या फायली एकात गुंफणाऱ्या आज्ञेचा) प्रवाह थेट आमच्या यंत्राकडे वळवला. सर्व्हरवर एकही नवी फाइल तयार होत नाही. नंतरचे फरक आरसिंकने, ते फक्त बदललेलंच आणतं.

दोन्हीकडे शा-२५६ बेरजांची (फाइलीच्या मजकुरावरून काढलेल्या, ठशासारख्या आकड्यांची) यादी काढून ताडून पाहिली. जवळजवळ सगळं जुळलं. जे जुळलं नाही ते मजेदार निघालं.

एका फोल्डरात 'दुसऱ्या' या शब्दाने सुरू होणारी एकच पीडीएफ दोनदा दिसत होती. नाव अक्षरशः तेच, आकार तोच. डोळ्याने काही फरक कळेना. मग नावाचे बाइट छापून पाहिले. युनिकोडमध्ये 'ऱ' दोन प्रकारे लिहिता येतो: एकच चिन्ह म्हणून (यू+०९३१), किंवा 'र' आणि त्याखाली नुक्ता अशी दोन चिन्हं (यू+०९३० आणि यू+०९३सी; हे क्रमांक सोळाच्या पायावरचे). दिसायला दोन्ही सारखेच. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टीम नावं फोडून ठेवायची, म्हणजे 'र' अधिक नुक्ता. इतर ठिकाणी टंकलेलं नाव बहुधा एकसंध असतं. लिनक्स नावाकडे फक्त बाइट म्हणून बघतं, त्याला या दोन वेगळ्या फायली. एका अंकाची जोडणी वाचकांना कित्येक दिवस ४०४ का देत होती, त्याचा उलगडा इथे झाला: पानावरच्या दुव्यात एक रूप, डिस्कवर दुसरं. तऱ्हा, सुऱ्या, कोपऱ्यात, जिथे जिथे हा 'ऱ' येतो तिथे ही भानगड. सगळी नावं एकसंध रूपात आणली आणि दुवे तपासले.

त्याच ओघात आणखी एक. एक्स्ट४ मध्ये फाइलीच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते. यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे काना-मात्रा-अनुस्वार धरून ८५ चिन्हं झाली की नाव संपलं. लेखाचं अख्खं शीर्षक फाइलीला देण्याची सवय असलेल्यांना हे सांगायला हवं. यापुढे अंकांची नावं वर्ष-महिना-क्रमांक अशी, रोमन अक्षरांत. मराठी शीर्षक पानावर असेलच.

२१ मे

डेटाबेस. अगोदर जुनी व्यवस्था काय होती ते पाहिलं. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी सोय) रोज पहाटेची एक स्क्रिप्ट आहे: मायएसक्यूएल डेटाबेसचा डंप (मजकूर रूपातली पूर्ण प्रत) काढायचा, जीझिपने दाबायचा, तारखेच्या नावाने ठेवायचा. फोल्डर उघडलं तर रोजची फाइल हजर, एकही दिवस चुकलेला नाही. प्रत्येकीचा आकार २० बाइट.

२० बाइट म्हणजे जीझिपने 'काहीच नाही' व्यवस्थित दाबून ठेवलंय. रिकाम्या मजकुराची जीझिप एवढीच होते. मधे कधीतरी डेटाबेसचा पासवर्ड बदलला गेला, स्क्रिप्टमध्ये जुनाच राहिला. डंपला प्रवेश नाकारला गेला, त्याने काही न देता पाइपमधून (एका आज्ञेचं फलित दुसरीला देणाऱ्या जोडणीतून) काढता पाय घेतला, आणि जीझिपने आपलं काम चोख केलं. शेलमध्ये पाइपचा निकाल शेवटच्या आज्ञेचा धरला जातो, त्यामुळे स्क्रिप्टच्या मते सगळं आलबेल. 'पाइपफेल' हा मधली आज्ञा फसली तरी चूक धरणारा पर्याय चालू केला असता तर पहिल्याच दिवशी बोंब झाली असती.

असं मोठमोठ्यांच्या घरीही झालंय. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या प्रोग्रामांचे कोड सांभाळणाऱ्या सेवेत चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसचं फोल्डर पुसलं गेलं आणि बॅकअप शोधायला गेल्यावर ते नव्हतेच. डेटाबेस पोस्टग्रेस या प्रणालीच्या ९.६ आवृत्तीचा, डंप काढणारं साधन ९.२ चं, म्हणून डंप रोज फसत होता. फसल्याची ईमेल जायची, पण मेलचं प्रमाणन नीट नसल्याने ती नाकारली जायची. शेवटी योगायोगाने सहा तास आधी काढलेला एक स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) कामी आला. त्यांनी हे सगळं स्वतःहून जाहीर लिहिलं, म्हणून आम्हाला ठाऊक.

नवी स्क्रिप्ट लिहिताना लागलेल्या गोष्टी, पुढच्यासाठी:

डंप 'सिंगल ट्रान्झॅक्शन' पर्यायाने, म्हणजे इनोडीबी (मायएसक्यूएलची आजची साठवण पद्धत) तक्त्यांचं एका क्षणाचं सुसंगत चित्र मिळतं आणि वाचकांना अडवावं लागत नाही. मायआयसॅम या जुन्या पद्धतीच्या तक्त्यांना हा पर्याय लागू पडत नाही. आमच्याकडे असे दोन तक्ते होते, ते इनोडीबीत बदलून घेतले. शेअर्ड होस्टिंगवर डंप काढताना 'प्रोसेस' अधिकार नसल्याची तक्रार येते. ती टेबलस्पेसच्या (तक्ते डिस्कवर कुठे आहेत याच्या) माहितीपुरती आहे, 'नो टेबलस्पेसेस' लावलं की थांबते. क्रॉनच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह म्हणजे ओळ बदल, त्यामुळे तारखेच्या आज्ञेतल्या प्रत्येक टक्क्याआधी उलटी तिरपी रेघ हवी. नाहीतर तीच आज्ञा हाताने चालते आणि क्रॉनमधून चालत नाही, आणि माणूस डोकं धरून बसतो. शेवटी तपासणी: जीझिपची चाचणी, आकार कालच्यापेक्षा फार घटला तर ओरडा, आणि डंपच्या शेवटच्या ओळीत 'डंप कम्प्लीटेड' आहे का. ती ओळ नसेल तर फाइल कितीही मोठी असो, अर्धवट आहे.

२३ मे

मोठ्या आकाराच्या फायलींची छाननी. जुन्या अंकांच्या पीडीएफ पानांना जोडलेल्या आहेत, वाचक उघडतात, त्या शर्तींत बसतात आणि राहतील. पण त्यांच्या शेजारी मूळ स्कॅन आहेत, टिफ रूपात. ए४ पान ६०० डीपीआयला रंगीत स्कॅन केलं तर ४९६० गुणिले ७०१६ पिक्सेल, प्रत्येकी तीन बाइट: न दाबता एका पानाचे १०४ एमबी. एकाही पानाचा त्यांना दुवा नाही. 'सुरक्षित राहतील' म्हणून इथे ठेवले होते. शर्तींनी ज्याला कोठार म्हटलंय ते नेमकं हेच. पण हेच या नियतकालिकाचं मोलाचं धन आहे, कारण मूळ कागद पुन्हा स्कॅन करता येतीलच असं नाही.

मग ठेवायचं कुठे, यावर बराच वेळ गेला. धोरण नेहमीचंच, ३-२-१: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. त्यातल्या 'दुसऱ्या जागी' या अटीवर मी अडून बसलो. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्सच्या स्ट्रासबुर्गमध्ये ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या आवारात आग लागली. एसबीजी२ ही इमारत जळून गेली, शेजारच्या एसबीजी१ चाही काही भाग गेला. ज्यांचा सर्व्हर आणि बॅकअप दोन्ही तिथेच होते त्यांचं दोन्ही गेलं. पॅनलमध्ये दोन वेगळी नावं दिसतात म्हणजे दोन वेगळ्या जागा आहेत असं नव्हे. होस्टिंग कंपनीकडूनच ज्यादा पैसे भरून बॅकअप घेण्याचा प्रस्ताव म्हणून बाजूला ठेवला. आग सोडा, बिल थकलं किंवा खातं बंद झालं तर त्याच खात्यातले बॅकअपही कुलपाच्या आत जातात. शर्तींत तेही लिहिलंय: खातं बंद झाल्यावर डेटा राखण्याची जबाबदारी कंपनीवर नाही.

ठरलं ते असं. टिफ स्कॅन: एक प्रत कार्यालयातल्या डिस्कवर, एक दुसऱ्या ठिकाणच्या डिस्कवर, एक ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये (इंटरनेटवरचा भाड्याचा साठा), थंड साठ्यात, म्हणजे क्वचित लागणाऱ्या फायलींच्या वर्गात. संकेतस्थळ आणि डेटाबेस: रेस्टिक या बॅकअप प्रोग्रामने रोज, वेगळ्या कंपनीच्या ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये.

तिथेही नियम आहेतच, फक्त वेगळे. फायलींच्या संख्येबद्दल कुणी काही म्हणत नाही, पण थंड साठ्यात किमान मुक्काम असतो. ॲमेझॉनच्या ग्लेशियर या थंड साठ्यात, डीप आर्काइव्ह प्रकारात १८० दिवस, फ्लेक्सिबल प्रकारात ९०. आधी पुसलं तरी उरलेल्या दिवसांचे पैसे लागतात. परत मागायला तासन्‌तास लागतात आणि बाहेर काढण्याचं शुल्क वेगळं. म्हणून रोज बदलणारे बॅकअप तिथे मुळीच नकोत, न बदलणारे स्कॅन तेवढे तिथे. 'अकरा नऊ' (९९.९९९९९९९९९ टक्के) टिकाऊपणाचा आकडा विक्रेते मोठ्या अभिमानाने सांगतात. तो डिस्क बिघडण्यापुरता खरा. आपल्याच किल्लीने कुणी पुसून टाकलं तर तेही तितक्याच खात्रीने पुसलं जातं.

त्या किल्लीचंच (साठ्यात शिरण्याच्या गुप्त परवलीचं) पुढे. सर्व्हरवर ठेवलेल्या किल्लीला फक्त भर घालण्याचा अधिकार. पुसण्याचा अधिकार असलेली किल्ली आमच्या यंत्रावर, सर्व्हरवर नाही. सर्व्हरमध्ये कुणी घुसलं तरी बॅकअप त्याच्या हाती लागू नयेत. रेस्टिक सगळं कूटबद्ध करूनच ठेवतं आणि पासवर्ड हरवला तर दुसरी वाट नाही. पासवर्ड कागदावर, दोन जणांकडे. जपणूक: ७ रोजच्या, ४ आठवड्याच्या, १२ महिन्याच्या प्रती. सारखे तुकडे एकदाच साठवले जात असल्याने जागा फार वाढत नाही.

२७ मे

पुसणं. प्रत ताडून झालेली आहे, तरी एका वेळी एकच फोल्डर, आणि प्रत्येकानंतर संकेतस्थळ उघडून पाहायचं. आधी नोड मॉड्यूल्स आणि तीन जुनी संकेतस्थळं. 'फायनल' मधली एक लोगो फाइल चालू थीम वापरत होती, ती जागेवर आणली. मग दोन्ही बॅकअप प्लगिनं काढली. प्लगिन काढलं तरी त्याचं फोल्डर मागे राहतं, ते हाताने काढलं. न वापरलेल्या मापांच्या चित्रप्रती गेल्या.

पॅनलच्या फाइल व्यवस्थापकातून पुसलेलं आधी एका लपलेल्या कचरा-फोल्डरात जातं आणि ते मोजणीत धरलं जातं. आकडा हलत नाही म्हणून चक्रावलेल्या सहकाऱ्याला तेच दाखवलं. ईमेलसाठी सगळ्यांना एक पत्र गेलं: कचरापेटी आणि स्पॅम तीस दिवसांनी आपोआप रिकामे होतील. एका खातेदाराने विचारलं, "मी महत्त्वाची पत्रं कचरापेटीतच ठेवतो, ती जातील का?" जातील. त्यांच्यासाठी वेगळं फोल्डर करून दिलं.

संख्या ऐंशी हजारांच्या खाली आली.

२९ मे

रिकाम्या यंत्रावर बॅकअपमधून संकेतस्थळ उभं करून पाहिलं. फायली विनातक्रार आल्या. डेटाबेसने पहिल्याच तक्त्याला हात टेकले: अनोळखी कोलेशन (अक्षरांची तुलना आणि क्रम लावण्याचे नियम). सर्व्हरवर मायएसक्यूएल ८ आहे, आमच्या यंत्रावर मारियाडीबी या तिच्या भावंड-डेटाबेसची जुनी आवृत्ती. पहिल्याचं नेहमीचं कोलेशन दुसरीला ठाऊकच नाही. डंपमध्ये नाव बदलून चालतं, पण घाईच्या वेळी हे आठवणार कुणाला? म्हणून चाचणीचं यंत्रच सर्व्हरसारखं केलं आणि आवृत्त्या कागदावर लिहिल्या.

त्या कागदावर बाकीचंही आलं, जे कुठल्याच बॅकअपमध्ये नव्हतं: डीएनएसच्या नोंदी (डोमेनचं नाव कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं ते सांगणाऱ्या), क्रॉनच्या ओळी, मेल पुढे पाठवण्याचे नियम, पीएचपीची आवृत्ती आणि तिची एक्स्टेन्शन्स, डोमेन कुणाच्या नावावर आणि कधी संपतं. पॅनलच्या पूर्ण बॅकअपमध्ये यातलं बरंचसं येतं, पण तो परत चढवायला होस्टिंग कंपनीचाच हात लागतो. खातेदाराला स्वतः तो चढवता येत नाही. कंपनी बदलायची वेळ आली तर कागदच उपयोगी.

२ जून

वर्गणीदारांपैकी एकाने आपली माहिती पुसायला सांगितली. डेटाबेसमधून पुसली. बॅकअपमध्ये ती वर्षभर राहणार, आणि एका ओळीसाठी जुने बॅकअप उसवायचे नाहीत. तोडगा: पुसलेल्या नोंदींचे फक्त क्रमांक एका छोट्या फाइलीत, बॅकअपच्या बाहेर. जुनी प्रत परत चढवली की पहिलं काम म्हणजे ती यादी चालवून त्या नोंदी पुन्हा पुसणं. बारा महिन्यांनी शेवटची प्रत गळेल तेव्हा क्रमांकही यादीतून जाईल.

६ जून

पॅनलमध्ये कंपनीच्या बॅकअपची नवी तारीख दिसली. सप्टेंबरनंतरची पहिली. उतरवून उघडून पाहिली, डेटाबेस पूर्ण आहे. ती आम्ही हिशेबात धरत नाही, असली तर बरी. आमच्या रोजच्या तपासणीच्या पत्रात फायलींची संख्याही टाकली आहे. नव्वद हजार ओलांडले की सूचना येईल, म्हणजे लाखाच्या कलमाआधी हाताशी वेळ राहील.

बाकी राहिलेलं: ईमेल वेगळ्या सेवेकडे न्यायची की नाही, हा निर्णय संपादकांकडे. खर्चाचा तक्ता त्यांना पाठवला आहे. माझं मत न्यावी असंच. संकेतस्थळावर निर्बंध आला तर पत्रव्यवहार तरी चालू राहील. दुसऱ्या ठिकाणच्या डिस्कवर टिफच्या बेरजा पुन्हा ताडण्याचं काम डिसेंबरात.